एक टेकडी, एक रुई आणि एक वही: रानफुलं आणि किडे ओळखायला नवीन असाल तर

रानफुलं बघायची म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो कासला कधी जायचं, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं की पहिल्या वर्षी जाऊच नका. हे ऐकून बरेच जण नाराज होतात, पण मी स्वतः तेच करून बसले होते म्हणून सांगते. सप्टेंबरमधला रविवार, पहाटे चारला पुण्यातून निघालो, पठारावर पोचेपर्यंत जत्रा भरलेली, मी तीन तासात साडेतीनशे फोटो काढले आणि घरी येऊन लॅपटॉपवर बघते तर एकही फूल ओळखता येईना. सगळे फोटो वरून काढलेले, सगळे जांभळं काहीतरी किंवा पिवळं काहीतरी, पान कुठल्याच फोटोत नाही. कास सुंदरच आहे, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, वगैरे सगळं खरं. पण एका दिवसात शंभर अनोळखी माणसांची ओळख करून दिली तर जेवढी नावं लक्षात राहतात तेवढीच फुलं लक्षात राहतात.

त्याऐवजी घराजवळची एक जागा पकडा आणि तिथेच वर्षभर जा. सगळी युक्ती एवढीच आहे, बाकीचं सगळं याच्याभोवती.

जागा कशी निवडायची

पुण्यात असाल तर वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीचा मागचा उतार, काहीही चालेल. मुंबईत नॅशनल पार्क किंवा आरेच्या बाजूचा एखादा रस्ता, नाशिकला पांडवलेणीचा डोंगर, कोकणात तर घरामागचा सडाच, म्हणजे कातळाचं पठार. आणि टेकडी नसेल तर शेताचा बांध, कॅनॉलची कड, रिकामा प्लॉट, रेल्वे लाइनच्या बाजूचं गवत, काही अडत नाही. खरं तर रिकामा प्लॉट हा फार भारी प्रकार असतो कारण तिथे माळी नसतो. जागा अशी हवी की चालत किंवा गाडीवर पंधरा मिनिटात पोचता येईल, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात उत्साह संपतो. साधारण पाचशे पावलांचा एक तुकडा ठरवा, इथून त्या दगडापर्यंत, आणि दर पंधरा दिवसांनी तेवढाच चाला. हळू. एका तासात पाचशे पावलं झाली तर वेग बरोबर आहे. माझ्या नवऱ्याला हे अजून जमलेलं नाही, तो दहा मिनिटात पलीकडच्या टोकाला पोचून ‘झालं का’ विचारतो.

वेळ सकाळची. सात ते दहा. केना नावाचं छोटं निळं फूल आहे, पावसाळ्यात कुंडीतसुद्धा येतं, ते दुपारपर्यंत मिटून जातं, तुम्ही चार वाजता गेलात तर तिथे केना होता हे तुम्हाला कळणारही नाही. फुलपाखरांना मात्र ऊन लागतं, ती आठ-साडेआठनंतर पंख पसरून बसायला लागतात आणि अंग तापेपर्यंत उडत नाहीत, फोटोसाठी हीच वेळ सोन्यासारखी.

सामान

मोबाइल, एक साधी वही, पेन्सिल (पेन पावसात पसरतं), दहा पटीचं भिंग, आणि एक रुपयाचं नाणं. भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं आणि त्याने जे दिसतं ते महागड्या कॅमेऱ्याने लगेच दिसेल असं नाही. नाणं कशाला, तर फोटोत शेजारी ठेवायला, म्हणजे फूल केवढं होतं ते नंतर कळतं. मोबाइलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स घ्यायची असेल तर घ्या पण पहिल्या महिन्यात नको. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, पावसाळ्यात पँटचे पाय मोज्यात खोचायचे, गोचीड चिकटतात. दिसायला बावळट दिसतं, असू दे.

पहिली दहा झाडं तुम्हाला आधीच माहिती आहेत

नवीन लोक घाबरतात की आपल्याला बॉटनी येत नाही. अहो, गणपतीला पत्री वाहता ना? आघाडा, माका, रुई, धोत्रा, डोरली, विष्णुक्रांता, दूर्वा, हे सगळं रानातलंच आहे. बाजारात जुडी विकत घेऊन त्यात कुठलं पान कुठलं हे न बघता आपण वाहून टाकतो, यंदा ती जुडी सोडून एकेक पान वेगळं करा आणि मग तेच टेकडीवर शोधा. माका ओलसर जागी, गटाराच्या कडेला, छोटं पांढरं बटणासारखं फूल. आघाड्याच्या बिया उलट्या टोकाने कपड्याला चिकटतात तेव्हा तो आपोआपच कळतो. विष्णुक्रांता जमिनीलगत, करंगळीच्या नखाएवढं निळं फूल, पाय पडेपर्यंत दिसत नाही.

दुसरा गठ्ठा रानभाज्यांचा. टाकळा, कुरडू, केना, कवला, फोडशी. आई, सासूबाई, भाजीवाल्या मावशी, यातलं कुणीतरी एक दोन भाज्या नक्की ओळखतं, त्यांना सोबत घेऊन जा. मी आमच्या मंडईतल्या मावशींकडून फोडशी शिकले, त्यांनी पान हातात देऊन सांगितलं की हे गवत नाही बाई, मधली शीर बघ, आणि खाली पांढरा भाग बघ. हीच फोडशी म्हणजे पांढऱ्या मुसळीच्या जातकुळीतली, जूनमध्ये पांढरी शुभ्र फुलं येतात. तिच्या फुलाचा फोटो काढताना मला कळलं की जी भाजी मी चार वर्षं खातेय तिला फूल येतं हे मला माहीतच नव्हतं.

हे असं आठ-दहा झाडं धरून मग पुढे जायचं.

बघायचं काय

फूल दिसलं की लगेच फुलाचा क्लोजअप, ही सगळ्यांची सवय असते आणि तीच मोडायची. एका झाडाचे कमीत कमी सहा फोटो: सगळं झाड लांबून, पान वरून, पान उलटं करून, पानं खोडावर कशी लागली आहेत (समोरासमोर जोडीने की एक इकडे एक तिकडे), फूल समोरून आणि फूल बाजूने किंवा मागून. शेंग किंवा फळ असेल तर तेही. बाजूचा फोटो फार महत्त्वाचा असतो कारण फुलाच्या मागची नळी, शेपटी, हिरवी वाटी सगळं तिथेच दिसतं. तेरड्याचं फूल समोरून साधं गुलाबी दिसतं, बाजूने बघितलं की मागे वाकडी शेपटी दिसते, त्यात मध असतो, आणि मग तेरडा जन्मात चुकत नाही.

पानाबद्दल एक गोष्ट पहिल्या दिवशीच समजून घ्या. ‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण आपण सगळीकडे वापरतो पण ते तीन म्हणजे खरं तर एकच पान आहे, त्याचे तीन भाग झालेत. देठ जिथे फांदीला लागतो तिथे बारीक कळी किंवा डोळा असतो, ती जिथे असेल तिथून एक पान सुरू होतं. तीन पानांच्या प्रत्येकाच्या मुळाशी डोळा नसतो, तिघांच्या एकत्र देठाच्या मुळाशी असतो. चिंचेची ती बारीक बारीक पानं म्हणजे पण एकच पान. हे कळलं की अर्धे गोंधळ कमी होतात.

मग कुळं. सगळी शिकू नका, चार शिका. खोड चौकोनी आणि पान चुरगळल्यावर वास, तर तुळशीचं कूळ असायची शक्यता जास्त. फूल वाटाण्याच्या फुलासारखं, वर एक मोठी पाकळी, दोन बाजूला पंख, खाली होडी, मग ते शेंगावालं. कवला याच कुळातला, ज्याला सगळे मिकी माउस म्हणतात, पिवळ्या पाकळीवर दोन लाल ठिपके. सोनकी, एकदांडी, माका, झेंडू हे एका कुळातले आणि यांचं एक फूल म्हणजे खरं तर शंभर छोट्या फुलांचा गुच्छ असतो, भिंगाने बघा, मधलं प्रत्येक पिवळं टोक म्हणजे एक पूर्ण फूल. आणि कर्ण्यासारखं फूल, वेल, तर गारवेलीच्या घराण्यातलं. एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात जातं.

किडे: झाड आधी, किडा नंतर

किडा शोधायला निघू नका. झाड शोधा, त्याच्यासमोर वीस मिनिटं बसा, किडा येतो. हे मला एका रुईने शिकवलं.

आमच्या टेकडीच्या चढावर पहिल्या वळणावर एक रुई आहे, माझ्या खांद्याएवढी. एका ऑगस्टमध्ये पावसामुळे मी तिच्या शेजारच्या दगडावर छत्री धरून बसले होते, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून बघत राहिले. पानाच्या खालच्या बाजूला खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, उभट, मोत्यासारखं एक अंडं. शेजारच्या पानावर पिवळ्या काळ्या पांढऱ्या पट्ट्यांचा सुरवंट, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या, हा प्लेन टायगर फुलपाखराचा. तो पान खायच्या आधी शीर कुरतडत होता, तिथून पांढरा चीक बाहेर सांडला, मग तो पलीकडचा भाग खायला लागला. रुईचा चीक आपल्या डोळ्यात गेला तर धावपळ होते आणि हा पठ्ठ्या त्यातलं विष अंगात साठवून ठेवतो, म्हणून पक्षी त्याच्या नादी लागत नाहीत. कोवळ्या शेंड्यावर पिवळ्याधमक माव्याची (झाडाचा रस चोखणारे बारीक किडे) गर्दी, ती खायला लाल ढालकिडे (लेडीबग) आलेले, माव्याचा गोड रस चाटायला मुंग्या. खाली जाड फांदीवर पिवळ्या निळ्या पट्ट्यांचा, जणू रंगवलेला, एक मोठा नाकतोडा, हा जास्त करून रुईवरच दिसतो. आणि फुलावर काळा निळा चमकणारा मोठा भुंगा, तो लाकूड पोखरून घर करणारा, रुईचे परागकण पिशवीसारखे एकत्र असतात आणि ते त्याच्या पायाला अडकून दुसऱ्या फुलावर जातात. एका झाडावर हे सगळं. हलायचं काम नाही.

तेव्हापासून ती माझी रुई. मधे एका वर्षी कुणीतरी साफसफाईच्या नावाखाली ती बुंध्यापासून तोडली, मला चार दिवस जेवण गेलं नाही. रुई तोडून मरत नाही ही गोष्ट वेगळी.

तर तुम्ही पण एक झाड ठरवा. रुई सगळ्यात सोपी. नाहीतर घरातला कढीपत्ता घ्या. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याने घाण केल्यासारखा काळा पांढरा डाग दिसला आणि तो दुसऱ्या दिवशी जागा बदलून बसला असेल तर तो लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉनचा छोटा सुरवंट आहे. मोठा झाल्यावर हिरवागार होतो. त्याला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढतो आणि घाण वास सोडतो. एकदा करून बघा, रोज रोज नको. कुणाचा सुरवंट कुठे, याची छोटी यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा: रुईवर प्लेन टायगर, बहावा आणि टाकळ्यावर पिवळसर पांढरी एमिग्रंट, कण्हेरीवर कॉमन क्रो, बांडगुळावर हळदीकुंकू (म्हणजे कॉमन जेझबेल, पंखाखाली खरंच हळद आणि कुंकू), घोळीवर डॅनेड एगफ्लाय, आंब्यावर बॅरन. लिंबाच्या जातीच्या झाडांवर राणी पाकोळी पण येते, तीच ब्लू मॉरमॉन, हिला २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू केलं, आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य.

किड्याचा गट कसा ओळखायचा

नाव नंतर, आधी गट. पाय मोजा. सहा म्हणजे कीटक, आठ म्हणजे कोळ्याच्या कुळातलं. मग पंख. दोनच पंख असतील तर माशी, चार असतील तर मधमाशी, गांधीलमाशी वगैरे. फुलांवर हवेत स्थिर तरंगणारी पिवळी काळी मधमाशी दिसते ना, ती बऱ्याचदा मधमाशी नसतेच, फुलमाशी असते, मोठे डोळे, अगदी आखूड मिशा, दोन पंख, डंखच नसतो, फुकट घाबरवते. पाठीवर कडक झाकण आणि मधोमध सरळ रेघ असेल तर भुंगेरा. पाठीवर उलटी सुलटी त्रिकोणी नक्षी आणि तोंडाला खाली दुमडलेली सोंड, तर ढेकणाच्या घराण्यातला. पंख पसरून बसला तर चतुर, पंख पाठीवर मिटून बसली तर टाचणी (अपवाद आहेत पण पहिल्या वर्षी विसरा). मिशांच्या टोकाला गाठ असेल तर फुलपाखरू, मिशा पिसासारख्या किंवा नुसत्या दोऱ्यासारख्या असतील तर पतंग.

मधमाश्यांना तर आपल्याकडे आधीच नावं आहेत, मोठी ती आग्या, झाडाच्या ढोलीत घर करणारी सातेरी, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी छोटी फुलोरी. फोटो काढताना लांबून.

आणि नक्कल करणाऱ्यांपासून सावध. प्लेन टायगर दिसलं असं वहीत लिहिण्याआधी मागच्या पंखाकडे बघा. मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर. वरच्या कडेला एकच ठिपका असेल तर ती डॅनेड एगफ्लायची मादी, जी विषारी असल्याचं सोंग घेऊन फिरते. तिचा नर बिलकुल वेगळा, काळा आणि मोठे पांढरे ठिपके, भोवती निळी जांभळी झाक. मी दीड वर्ष ही मादी प्लेन टायगर म्हणून लिहीत होते.

वर्ष कसं जातं

सुरुवात जानेवारीत करू नका, वळवाच्या पावसात करा, म्हणजे मेचा शेवट. बहाव्याच्या पिवळ्या झुंबरांवर भुंगे असतात. सह्याद्रीत, भंडारदऱ्याकडे किंवा राजमाचीला, काजवे याच दिवसात, पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत. काजवे बघायला गेलात तर टॉर्च आणि मोबाइलची स्क्रीन बंद, कारण तो लखलखाट म्हणजे त्यांचं लग्न जुळवणं आहे आणि तुमच्या हेडलाइटमध्ये त्यांना एकमेकांचा निरोप दिसत नाही. ठाणे-रायगडकडच्या बाजारात शेवळं येतात तीही आत्ताच, जमिनीतून नुसता दांडा वर येतो, पान नाही, आणि वास घेऊन बघाल तर माशा का येतात ते कळेल.

मृग लागला, साधारण ७-८ जून, की दोन गोष्टी होतात. एक, संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाली वाळवी आणि सकाळी फरशीवर पंखांचा ढीग. दोन, ओल्या मातीवर लाल मखमलीचा ठिपका चालत असतो, तो मृगाचा किडा. पाय मोजा! आठ आहेत. म्हणजे त्याला किडा म्हणत असलो तरी तो कीटक नाही. तो वाळवीवर ताव मारायलाच बाहेर येतो, दोन्ही एकाच पावसाची वाट बघत असतात. काही दिवसच दिसतो, मग वर्षभर नाही. मुलं काड्यापेटीत भरून ठेवतात, मीही ठेवलेले आहेत.

जुलैत गवत वाढतं आणि जमिनीलगतची फुलं. टेकडीवर आभाळी फुलते, फुलातल्या बारीक केसांसाठी भिंग काढाच. रानहळद, तेरडा सुरू होतो. पावसात किडे कमी दिसतात असं वाटतं, पण पानं उलटी करा, सगळे तिथे कोरडे बसलेले असतात.

श्रावण-भाद्रपद हा खरा हंगाम, आणि इथे मी दोन फुलांबद्दल थांबणार आहे. सड्यावर, पाणी झिरपतं अशा कातळावर, सीतेची आसवं फुलतात, जांभळी, नखाएवढी. फूल नाजूक, नाव करुण, पण मुळं असायला हवीत तिथे बारीक फुगे असतात. फुग्याच्या आत पोकळी ओढून धरलेली असते, पाण्यातला सूक्ष्म जीव तोंडाशी आला की झाकण उघडतं, पाण्यासकट आत, झाकण बंद. उपटून बघू नका, पाय ठेवताना मात्र लक्षात ठेवा की खाली शिकार चालू आहे. दुसरं कंदीलपुष्प. दिवाळीच्या कंदिलासारखं उभं फूल, वर छोट्या खिडक्या, आतल्या नळीत खालच्या बाजूला वळलेले केस. वासाने बारीक माशी आत उतरते आणि केसांमुळे वर येता येत नाही. एक-दोन दिवस कैद. मग केस सुकतात, माशी पराग घेऊन बाहेर पडते आणि इतकं होऊनही पुढच्या कंदिलात जाते! कंदीलपुष्पाच्या काही जाती फारच थोड्या डोंगरांवर शिल्लक आहेत, तर मिळालं तर फोटो काढून गप्प बसायचं, याबद्दल खाली बोलते.

गौरीच्या दिवसात कळलावी, लाल पिवळ्या ज्वाळांसारखी. कोकणात हिला गौरीचे हात म्हणतात. मुळापासून बीपर्यंत विषारी आहे, लहान मुलं सोबत असतील तर लक्ष ठेवा.

पाऊस ओसरताना सोनकी डोंगर पिवळे करते, आणि आता फुलपाखरं बेसुमार. घागरी किंवा खुळखुळा म्हणतात ते झुडूप शोधा, ज्याच्या वाळलेल्या शेंगा खुळखुळ वाजतात. त्याच्या वाळक्या पानांवर ब्लू टायगर, क्रो अशी फुलपाखरं शंभरेक एकत्र बसलेली दिसतील, फूल नाही काही नाही, वाळकं पान खरवडून रस चोखतात. बहुतेक सगळे नर, यातून जी द्रव्यं मिळतात त्यांपासून मादीला भुलवायचा वास तयार करतात. मैदानावर डोक्याच्या उंचीवर घिरट्या घालणारे पिवळट चतुर पण बघा, लहानपणी आपण यांच्या शेपटीला दोरा बांधायचो, हेच चतुर पावसाळ्यानंतर समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात.

कारवी तुमच्या नशिबात असेल त्या वर्षी, सात वर्षांतून एकदा सगळा डोंगर एकदम जांभळा. फुलून झाली की झाड मरतं.

थंडीत लोक वही बंद करतात, करू नका. गवत वाळलं की काड्यांवर तपकिरी वाळलेल्या फेसासारखा गोळा चिकटलेला दिसतो, ती प्रार्थना कीटकाची अंडी. पानांवरच्या गाठी, फांदीवरचे कोष, पावसाळ्यात लपलेलं सगळं आता उघडं पडतं. दशमूळी सावलीत फुलते, निळं फूल जुनं होत लालसर होतं, एकाच तुऱ्यावर दोन्ही रंग. खाजकुइलीच्या मखमली शेंगा पण याच दिवसात, दिसायला लोभस, हात लावलात तर दोन तास नाचाल.

मग होळीच्या आसपास पळस, पांगारा, काटेसावर, धायटी, सगळा लाल रंग आणि किड्यांपेक्षा पक्षी जास्त. उन्हाळ्यात पाण्याजवळ बसा, ओल्या मातीवर फुलपाखरं क्षार चोखायला थवा करून येतात.

नाव शोधायची पद्धत

आयनॅचरलिस्ट हे अॅप टाका. फोटो अपलोड केला की ते अंदाज सांगतं, मग दुसरी माणसं बघून दुरुस्त करतात, ही दुसरी पायरी खरी कामाची. अॅपचा पहिला अंदाज डोळे झाकून घेऊ नका, माझ्या साध्या कुरडूला त्याने एकदा भलतंच बागेतलं फूल ठरवलं होतं, फोटोच तसा होता म्हणा. जातीपर्यंत नाव गेलं नाही तर कुळापर्यंत लिहा आणि सोडून द्या. वहीत ‘पिवळी सोनकीसारखी पण पान वेगळं’ असं लिहिलेलं चालतं. मराठी नाव, तारीख, जागा, कोण भेटायला आलं होतं (म्हणजे किडा), पाऊस झाला होता का, बस.

एक गोष्ट मनाला लावून घ्या. टेकडीवर जे फुललंय ते सगळं आपलं नसतं. टणटणी, रानमोडी, गाजर गवत, एकदांडी आणि तो केशरी पिवळा कॉसमॉस, सगळे अमेरिकेकडून आलेले. कॉसमॉसच्या शेतात लोक फोटो काढतात आणि रानफुलं म्हणून टाकतात, मला फार राग येतो पण टणटणीवर फुलपाखरं भरपूर बसतात हेही खरं, म्हणून रागाचं काय करायचं कळत नाही. वहीत पाहुण्यांसमोर ‘पा’ लिहा.

हात आणि पाय जपून

एका ऑक्टोबरमध्ये मानेवर काहीतरी बसलं म्हणून मी न बघता चिमटीत चिरडलं. केशरी काळ्या पट्ट्यांचा भुंगेरा होता, शेतकरी त्याला हिंगे म्हणतात, फुलं खातो. त्याच्या सांध्यांतून पिवळट तेल निघतं, दुसऱ्या दिवशी मानेवर भाजल्यासारखा फोड, आठवडाभर ओढणी गुंडाळून ऑफिसला. तर अंगावर बसलेला किडा फुंकर मारून किंवा पान पुढे करून उडवायचा, चिरडायचा नाही. आग्या मोहोळ असेल तिथे अत्तर लावून जायचं नाही, धूर करायचा नाही, ओरडायचं नाही, गडावर तर अजिबातच नाही. गवतात हात घालण्याआधी काठी.

फूल तोडायचं नाही, दगड उलटा केला तर तसाच परत ठेवायचा, त्याखाली कुणाचं तरी घर असतं. सड्यावर चालताना उघड्या कातळावरून चालायचं, हिरव्या ओल्या पट्ट्यावरून नाही.

आणि ते कंदीलपुष्पाचं. दुर्मिळ काही सापडलं तर ठिकाण कुणाला सांगू नका, ग्रुपवर लोकेशन टाकू नका, स्टेटसला टाकायचंच असेल तर डोंगराचं नाव न घेता टाका, फोटोच्या मागे ओळखू येणारा सुळका नको. कंद खणून नेणारे आहेत, आणि फोटोसाठी शेजारची चार रोपं तुडवणारे त्याहून जास्त. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर होतं, पण यादीत नसलेल्यासाठी ती सेटिंग स्वतः बदलायला लागते, फोटो टाकताना ठिकाणाच्या खालीच पर्याय असतो, एकदा बघून ठेवा.